दुसरीसाठी आलेलं दूध

लंकामावशी,

पुण्यात परत येऊन मी कामाला लागले आहे, पण प्रयोगशाळेतल्या मोठ्या सामाईक फ्रीजरजवळ जायचं टाळते. काही काढायचं-ठेवायचं असलं की बरोबरीच्या मुलींना सांगते. त्यांना वाटतं, माझी पाठ धरलीय. खरं कारण तू आहेस. त्या फ्रीजरमध्ये, बर्फाहून कितीतरी गार अशा कप्प्यात, तुझ्या रक्ताची एक छोटी नळी आहे. तिच्यावर तुझं नाव नाही, नुसते आकडे आहेत, आणि ते कुणाचे हे मला कळू नये अशीच सोय आहे. तिकडे गावाला, बावड्यात, तुझी चिता विझून गार झाली. इथे तुझ्या पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप अजून शाबूत आहेत. कुणाकडेच न पोचलेले. माणूस गेलं की सगळं संपलं, असं म्हणायची सोयही माझ्या शिक्षणाने मला ठेवली नाही बघ.

गावाला तू अंगणवाडीची लंकाबाई. तुझे मालक, तात्या, इंदापूर एसटी डेपोत ड्रायव्हर, तुझं घर बौद्धवस्तीत, आमचं मळ्यात. तुझ्याकडे जायला मला कुणी मनाई केली नाही, पण जा म्हणूनही कुणी कधी सांगितलं नाही. अंगणवाडीत खिचडी वाढताना माझ्या ताटलीपाशी तुझा हात जरा थांबायचा. मी वर बघितलं की तू पुढच्या पोराकडे जायचीस. दिवाळीच्या सुमाराला माझा वाढदिवस यायचा तेव्हा तू गावात भेटायचीच नाहीस. विचारलं तर कुणीतरी सांगायचं, माहेरी गेलीय. मला यात काही वावगं वाटलं नाही. लहानपणी मोठ्यांच्या वागण्याला कारण असतं हेच आपल्याला ठाऊक नसतं.

कारण कळलं ते मी पीएचडी करत असताना. मला म्हशीचं ताजं, न तापवलेलं दूध हवं होतं आणि तुझी म्हैस नुकतीच व्यालेली. बर्फाचा डबा घेऊन मी सकाळी तुझ्या गोठ्यात आले. तू धारेला बसलेली.

"एवढ्या दुधाचं काय करतीस गं?"

"यंत्रात फिरवते. पुन्हा पुन्हा. साय निघते, चोथा निघतो, आणि शेवटी तळाला दिसेल न दिसेल असा थर राहतो. माझं काम त्याच्यावर."

"आन् त्यात काय आसतं?"

मी सांगू लागले. अगदी बारीक पिशव्या असतात, मावशी. केसाच्या जाडीत शेकडो ओळीनं बसतील एवढ्या. पेशी त्या बनवतात आणि बाहेर सोडतात. आत आरएनएचे तुकडे असतात. पिशवी दुसऱ्या पेशीत शिरली की ते तुकडे तिला सांगतात, हे काम चालू ठेव, ते बंद कर. दुधातल्या पिशव्यांचं आवरण चिवट असतं, पोटातल्या आंबटात लगेच फुटत नाही. म्हणून त्यांच्यात औषध भरता येईल का ते आम्ही बघतोय. जमलं तर आज जे सुईनं टोचावं लागतं ते उद्या तोंडानं देता येईल.

औषधाबद्दल तू काही विचारलं नाहीस. म्हणालीस, "बाईच्या दुधात बी आसत्यात?"

"असतात की. भरपूर."

"म्हंजी आई पोराला सांगती व्हय, असं कर, तसं कर म्हणून?"

"तसंच समज."

तुझा हात थांबला. म्हशीने मान वळवून बघितलं. "आन् दुसरीच्या पोराला पाजलं तर?"

मी तोंडी परीक्षेत द्यावं तसं उत्तर दिलं. "तर त्याला तिचे निरोप मिळतात."

तू बादली बाजूला सरकवलीस, पदराला हात पुसलेस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मग तुला माझं मिळाल्यात."

ते तू किती साधं सांगितलंस! माझी आई बाळंतपणानंतर तापाने पडली, तिला बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं. वरचं दूध माझ्या पोटात ठरेना. त्याच आठवड्यात तुझी मुलगी गेली होती, सातव्या महिन्यात जन्मलेली, थोडेच दिवस जगलेली. गावच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाईंना दोन्हीकडचं ठाऊक होतं. त्यांनी माझ्या वडिलांना, अण्णांना बोलावलं, मग तुला. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तू मला पाजायचीस. "तुझा बाप दाराभाईर भित्तीकडं तोंड करून हुबा राह्याचा. एक दिस बी आत बघितलं न्हाय त्यानं. न्यायला आला की नुसता हात जोडायचा." दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. मग आई घरी आली आणि अण्णांनी तुला सांगितलं, गावात कळू देऊ नका. माझी आजी, भावकी, कोण काय म्हणेल, किती म्हणेल, ते त्यांना सांगायला लागलं नाही. आमच्या घरात सगळे सांगत, पोरगी शेळीच्या दुधावर जगली.

"तुझ्या आईला ठावं हाय का न्हाय, मला म्हाईत न्हाय," तू म्हणालीस. "तू सांगायचं न्हाय. त्येचा शब्द हाय माझ्यावर." अण्णा तोवर गेलेले. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द तू पाळत होतीस आणि आता तो माझ्यावरही आला.

ते दूध घेऊन मी पुण्याला आले, यंत्रात फिरवलं, तळाचा थर काढला. हात कामाला सरावलेले असतात, ते चालत राहतात. पण त्या दिवसापासून आपलं एक भांडण सुरू झालं आणि ते मिटलंच नाही.

तू म्हणायचीस, मी थोडी तुझी आहे. मी म्हणायचे, मावशी, असं नसतं. उंदरांच्या पिल्लांत काही दिसलंय, वासरांत दिसलंय, माणसाच्या बाळात नेमकं किती पोचतं यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. आणि पोचलं तरी ते तुकडे टिकत नाहीत, आपलं काम करतात आणि विरून जातात. वारसा वेगळा, निरोप वेगळा.

"तुमची भांडणं मिटू द्यात सावकाश. तू रागावलीस की खालचा ओठ आत घेतीस. ती माझ्या आयची सवय हाय."

"अगं, जगात निम्म्या बायका घेतात ओठ आत."

"घिऊ द्यात. मी तुझं बोलतीय."

मी हसायचे, आणि पुण्याला आल्यावर आरशासमोर उभी राहायचे. ओठ आत घेऊन बघायचे. जी बाई मी कधी बघितली नाही, तिला शोधायचे. मला ठाऊक होतं की हे खोटं आहे. तरी शोधायचे.

एकदा मात्र तू असं विचारलंस की मला हसता आलं नाही. गवार मोडत बसलो होतो आपण. तू म्हणालीस, "दूध तर माझ्या पोरीसाठी आलं व्हतं. मग त्यात सांगितलेलं बी तिलाच आसंल न्हवं?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी जे माहीत होतं ते सांगितलं. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलं तर आईचं दूधही वेगळं बनतं, त्यातल्या पिशव्यांमधला ऐवजही वेगळा असतो.

तू शेंग हातातच धरलीस. "म्हंजी माझ्या दुधाला ठावं व्हतं, ती ल्हान हाय म्हणून?"

"हो, मावशी."

"आन् ती गेली, त्ये नव्हतं ठावं."

मी भरल्या दिवसांची, धडधाकट पोर. माझ्या पोटात दुसऱ्याच एका चिमुकल्या जिवासाठीच्या सूचना गेल्या. फुप्फुसं अशी सांभाळ, आतडी अशी घट्ट कर, घाई करू नकोस. त्या मी पिऊन टाकल्या. शास्त्र म्हणून याला काही अर्थ नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या दिवसापासून माझ्या मागे कुणीतरी चालतं. माझ्याच वयाची आहे ती. माझ्याबरोबर दहावीला बसली, माझ्याबरोबर पुण्याला आली, माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसते आणि काही मागत नाही.

मग तुझं अंग खाजायला लागलं, डोळे पिवळे झाले. बारामतीला तपासलं, पुढे पुण्याला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात गेलेला. तुझा मिलिंद सगळे कागद माझ्यासमोर धरायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. तू मला एकटीला गाठून विचारलंस, "पोटात मागं कुठंतरी व्हता म्हणत्यात. मग लिव्हरात गेला कसा?"

मी सांगितलं. तू विचारलेलं मी कधी टाळलं नाही, एवढं तरी तू मान्य करशील. तीच पद्धत, मावशी. कॅन्सरच्या पेशीही तशाच पिशव्या सोडतात. त्या रक्तातून यकृताकडे जातात आणि तिथल्या पेशींना सांगतात, जागा करून ठेवा. मागाहून कॅन्सर येतो.

"म्हंजी आदी निरोप, मग पाव्हणा." तू पदर सारखा केलास. "रीतभात हाय म्हणायची त्याला."

तुझ्या विनोदावर मी रडले आणि तू मलाच पाणी दिलंस.

आमच्या शेजारच्या विभागात रक्तातल्या याच पिशव्यांवरून कॅन्सर लवकर ओळखता येईल का ते तपासतात. अजून रुग्णांच्या उपयोगाला यायचंय ते, तुला तर मुळीच उपयोग नव्हता. मी तसं स्पष्ट सांगितलं. तू बाही वर केलीस. "मला न्हाय तर न्हाय. घ्या रगत. कुणाला तरी आदी कळंल." ती ही नळी.

मिलिंदचा राग तू बघितलास, पण तो मला पुढे किती पुरला ते तुला सांगायचं राहिलं. एमआयडीसीतून, दुधाच्या कारखान्यातली पाळी संपवून, तो तसाच मोटारसायकलवर आला होता. मोबाईलवर एका दवाखान्याची जाहिरात. एक्सोझोमची, म्हणजे याच पिशव्यांची सलाईन, गुडघ्यापासून कॅन्सरपर्यंत सगळ्याला चालते म्हणे.

"ताई, तुमी ज्याच्यावर डॉक्टर झालाय त्येच हाय न्हवं ह्ये?"

"नाव तेच आहे. त्या बाटलीत कुठल्या पेशींचं काय आहे, हे कुणी तपासलेलं नाही. आणि कॅन्सर असताना अंगात आणखी वाढीचे निरोप टोचले तर तो उलट पसरूही शकतो. हे देऊ नकोस."

"तुमच्या लॅबमदी चालतंय. माझ्या आईला चालत न्हाय व्हय?"

"आमच्याकडे उंदरांना देतात, मिलिंद. माणसांना नाही."

"मग तुमचा उपेग काय?"

तू आतून हाक दिलीस, "मिल्या, गप ऱ्हा. तिला ठावं आसंल." तो चहा न पिता गेला. तू त्याची समजूत घातलीस की नाही, मला माहीत नाही. दहनाच्या दिवशी तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "खरं सांगा. दिलं आसतं तर?" मी नाही म्हणाले. ते खरं आहे आणि उद्या कुणी विचारलं तरी मी तेच सांगेन. पण खरं असण्याने माझं ओझं उतरत नाही, मावशी. त्याचा प्रश्न मला अजून कारखान्याच्या भोंग्यासारखा ऐकू येतो.

आपलं शेवटचं बोलणं दुपारचं. तुझ्या पायांना सूज होती, मी तेल लावत होते. मी विचारलं, तुझ्या त्या मुलीचं नाव ठेवलं होतंस का.

"मनात ठेवलं व्हतं."

"सांग की."

तू छताच्या पत्र्याकडे बघितलंस. "न्हाय सांगायची. सांगितलं तर त्या नावाला तू वळून बगशील."

तात्यांना ते नाव ठाऊक नाही, मी विचारलं. ते तुझ्याबरोबर गेलं. मी अंगणवाडीतल्या जुन्या सगळ्या पोरींची नावं मनात घेते, तू कुठलं जरा जास्त मायेने उच्चारायचीस ते आठवायला बघते. आठवत नाही. तू सगळ्यांनाच सारखी हाक मारायचीस.

आता तुझ्यामागे घडलेलं सांगते.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला निघाले तर आई ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणात उभी. "मी बी येती," म्हणाली. तुझ्या घरी ती कधी आलेली मला आठवत नाही. उसाच्या मधल्या वाटेने आम्ही निघालो. निम्म्या वाटेत ती पुढे बघतच म्हणाली, "लंकानं तुला सांगितलं न्हवं कधीतरी?"

मी थांबले. "तुला माहीत होतं?"

"दवाखान्यातनं घरी आले, तुला छातीला लावलं, आन् तू तोंड फिरवलंस. हुंगलंस आन् फिरवलंस. शेळीच्या दुधावरलं पोर असं करत न्हाय. तुझा बाप शेळी शेळी करत बसला." ती चालायला लागली. "मग एक दिस बाजारात लंका समोरनं आली. तू माझ्या काखंतनं तिच्याकडं झेप घेतलीस. ती वळून बिगीबिगी निघून गेली. पर म्या बघितलं. तिची चोळी पुढनं भिजली व्हती."

मावशी, हे तू मला सांगितलं नव्हतंस.

"मग तू तिला कधी काही म्हणाली का नाहीस?"

"काय म्हणू? माझं लेकरू तुला का वळखतंय म्हणून भांडू, का वाचवलंस म्हणून पाया पडू? दोन्ही यायचं तोंडाशी. आन् घरात तुझी आजी. आमी बाया बाजारात समोरासमोर आलो की दोघी बी भाजीकडं बघायचो." मग जराशाने, "तिची पोरगी गेली, तवा मी भेटायला बी गेले न्हवते. मला कुणी सांगितलंच न्हाय. कळलं तवर तू बसायला लागली व्हतीस."

तुझ्या अंगणात मांडव होता. वंदना झाली, भंतेजी बोलले. अंगणवाडीतल्या बायका बोलल्या, तू शिकवलेला एक जण आता मास्तर आहे, तो बोलला. आई बायकांच्या मागे बसलेली. जेवणं सुरू झाली तशी ती उठली आणि सरळ तात्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमची पोरगी कुठं ठेवलीय?"

तात्यांना आधी कळेना. मग कळलं. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि चपला शोधायला लागले. मिलिंदही बरोबर आला.

नीरा नदीच्या अंगाला, वस्तीच्या जुन्या पडीक तुकड्यापाशी गेलो. आता तिथे दुसऱ्या कुणाचा ऊस आहे, छातीएवढा. तात्या बांधावर उभे राहून इकडेतिकडे बघत होते. "हितं बाभळ व्हती. तिच्या बुडाला. बाभळ तोडली, जमीन सपाट केली. आता नेमकं दावता येत न्हाय, वैनी. ह्या दोन-चार सऱ्यांत कुठंतरी." ते एकदम म्हणाले, "लंका दर दिवाळीला यायची हितं. मला वाटायचं, म्हायेरला जाती."

आई लुगडं आवरून उसात शिरली आणि सरीत खाली बसली. मी तिच्यामागे. पाचटाखाली हात घालून तिने माती चाचपली, जशी झोपलेल्या पोराची पाठ चाचपतात. आणि बोलली. मोठ्याने, वाटेवरल्या कुणालाही ऐकू जाईल असं.

"बाई, मी हिची आई. तुझं दूध हिनं प्यालं. तुझ्या आयनं दिलं म्हणून प्यालं, आन् जगली. पर तुला कुणी इचारलं न्हवतं. तुला सांगायला बी कुणी आलं न्हवतं. म्हणून आलीया."

तात्यांनी टोपी काढली होती. मिलिंद माझ्या शेजारी येऊन उकिडवा बसला, इतका जवळ की त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

वरच्या अंगाला कुणीतरी मोटर चालू केली असावी. सरीतून पाणी आमच्याकडे यायला लागलं, पाचट पुढे ढकलत, सावकाश. "आत्ती, उठा, भिजाल," मिलिंद आईला म्हणाला.

"येऊ दे," आई म्हणाली. पाणी आलं, तिच्या लुगड्याचे काठ भिजले, आणि ती हात मातीवर ठेवून तशीच बसून राहिली.